विहीणबाईंसाठी गार हवा

दामाजी तांडेल हे बढाई मारणाऱ्यांपैकी नव्हते. सरकारी कचेरीत अव्वल कारकून म्हणून वर्षं काढलेल्या माणसाला 'बघतो', 'होईल', 'वर पाठवलंय' यापलीकडे बोलायची सवय राहत नाही. पण शहाण्णव सालच्या मे महिन्यात, डोंबिवलीत, होणाऱ्या व्याह्यांच्या दिवाणखान्यात बेसनाचा लाडू खाता खाता ते बोलून गेले.

"तुम्ही एकदा घर तर बघून जा, विहीणबाई. मी स्वतः न्यायला येतो. एसी गाडी आहे आपली. काचा वर करून बसायचं, ते थेट दारात उतरायचं."

गाडी एसी होती, हे खरं होतं. एसी चालत नव्हता, हेही खरं होतं. दामाजींनी दोन्हींपैकी एकच सांगितलं.

त्यांच्यावर ही वेळ आली त्याला कारण होतं. त्यांची मुलगी शीला आणि निकमांचा मुलगा यांचं कॉलेजात शिकताना जमलं, दोन्हीकडच्यांनी चार दिवस तोंडं पाडून मग ती वर केली, साखरपुडा झाला. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरायचं ठरलं. एवढं सगळं सुरळीत झाल्यावर लग्न कुठे करायचं यावर गाडं अडलं. चेंदणी कोळीवाड्यात तांडेलांच्या मुली दारात मांडव घालून दिल्या जात. हळद दारात, धवलारणीची, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईची, गाणी दारात, नाच दारात. एकुलती एक मुलगी हॉलमधून दिली तर तांडेलांच्या दाराला काय झालं, असं सगळा कोळीवाडा विचारणार होता आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच ते देणार होता.

विहीणबाई, म्हणजे चंद्रभागाबाई निकम, यांचं म्हणणं होतं की डोंबिवलीतलं कार्यालय सोयीचं. का, ते त्या सांगत नसत. पण मागे एकदा त्या रिक्षाने कोळीवाड्याच्या तोंडापर्यंत आल्या होत्या, बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांकडे बघून त्यांनी पदर नाकाला लावला होता आणि चक्कर येते म्हणून त्याच रिक्षाने परत गेल्या होत्या. निकम मूळचे साताऱ्याकडचे. रविवारी मटण शिजल्याशिवाय त्यांना रविवार वाटत नसे, पण मासळीचं नाव काढलं की बाईंच्या पोटात ढवळायचं. साखरपुडा म्हणूनच डोंबिवलीत झाला होता. आता लग्नही तिथेच गेलं तर दामाजींना आपल्याच मुलीच्या लग्नात पाहुणा म्हणून जावं लागणार होतं.

दामाजींचा हिशोब साधा होता. वास येतो तो बाहेरून. काचा वर असल्या तर येणार नाही. मेमध्ये काचा वर करून माणूस जिवंत ठेवायचा तर एसी पाहिजे. बाई एकदा दारात उतरल्या, अंगण बघितलं, खाडीवरचा वारा लागला की त्यांचं मन वळेल. मधल्या तेवढ्या गल्लीचा प्रश्न होता.

घरी आल्यावर त्यांनी हे बायकोला, सगुणाला सांगितलं. सगुणा कल्याणच्या बाजारात सुकी मासळी विकायची. ती म्हणाली, "तुमचा एसी चालतोय कवा?"

"चालवून घेऊ."

"विहिणीला आपला वास नको, आन् पोरगी हवी. पोरगी काय आमी मोगऱ्याच्या वाडीत वाढवली?"

"सगुणे, एक दिवसाचा प्रश्न आहे."

"या वासावरच तुमची आई पाट्या घेऊन फिरली नि तुमी बी.ए. झालात. तेवढं विसरू नका."

दामाजी विसरले नव्हते. त्यांना फक्त ते विहीणबाईंना आजच कळू द्यायचं नव्हतं.

गाडी म्हणजे जुनी फियाट. नौपाड्यातल्या एका बिल्डरने हौसेने तिला एसी बसवून घेतला होता आणि हौस फिटल्यावर गाडी विकली होती. एसीचा खोका डॅशबोर्डाखाली जेवणाच्या डब्यासारखा लटकत असे आणि पुढे बसणाऱ्याच्या गुडघ्याला लागत असे. दामाजींच्या हातात गाडी आल्यापासून त्याचं एवढंच काम होतं. बाकी गाडीचा उपयोग भरपूर होता. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सगुणाच्या पाट्या कल्याणला पोचवायच्या. बोंबील डिकीत, जवळा आणि सुकट मागच्या सीटवर. ऊन लागू नये म्हणून काचा बंद.

पहिल्यांदा ते ठाकुर्लीच्या एका एसीवाल्याकडे गेले. त्याने बॉनेट उघडलं, बंद केलं, गॅस संपलाय म्हणाला आणि गॅस भरला. खोक्यातून अशी गार हवा आली की दामाजींनी चष्मा काढून पुसला. भिवंडी बायपासने ते ठाण्याकडे निघाले आणि वाटेत मोठ्या मनाने त्यांनी बिल्डरलाही माफ केलं. माजिवड्याला पोचेपर्यंत हवा कोमट झाली होती. घरी पोचेपर्यंत ती हेअर ड्रायरसारखी येत होती.

दुसऱ्या दिवशी ते परत ठाकुर्लीला गेले.

"गॅस गेला," दामाजी म्हणाले.

"जाणारच. लीक आहे."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही गॅस भरा म्हणालात, साहेब. भरला. लीक बघा म्हणाला असतात तर बघितला असता."

दामाजींना हे उत्तर ओळखीचं वाटलं. कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसून ते स्वतः रोज हेच देत असत. बाहेरच्या बाजूने ते कसं लागतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं, आणि आवडलं नाही.

पेपरात त्या सुमारास येत असे की हा गॅस हवेत गेला की वर आकाशाच्या थराला भोक पडतं आणि त्याची चिंता जगातल्या मोठ्या मोठ्या लोकांना लागून राहिली आहे. त्या उन्हाळ्यात त्या भोकाला ठाणे जिल्ह्यातून जी मदत झाली, तिच्यात दामाजींचा वाटा मोठा असावा. कारण ठाकुर्लीवाल्याने आणखी एकदा गॅस भरला. यावेळी तो माजिवड्यापर्यंतही टिकला नाही.

शेवटी त्यांनी गाडी जगनकडे टाकली. जगन त्यांचा चुलतभाऊ. आधी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. खाडीत मासळी कमी आणि कारखान्यांचं पाणी जास्त झाल्यावर त्याने माजिवड्याला गॅरेज काढलं.

"दामूदादा, नुसता गॅस भरून काय उपयोग? आधी भोक शोधायला पाहिजे."

"शोध."

"शोधतो ना. पण घाई नाय करायची. एसीचं काम म्हणजे बोटीसारखं नाय. बोटीत भोक असलं तर पाणी आत येतं, दिसतं. इथं जातंय ते दिसत नाय."

"मग कसं कळणार?"

"साबण," जगन म्हणाला.

त्याने पाइपांवर साबणाचं पाणी फासलं आणि दामाजींना एका जोडाशी उकिडवं बसवलं. बुडबुडा आला की सांगायचं. बी.ए. झालेले, हाताखाली माणसं असलेले दामाजी तांडेल भर दुपारी हायवेकडे पाठ करून एका नळीकडे एकटक बघत बसले. कचेरीतला एक शिपाई स्कूटरवरून जाताना थांबला आणि "काय साहेब, काही सांडलं का?" असं विचारून गेला. बुडबुडा आला तेव्हा दामाजींना मुलगा झाल्यासारखा आनंद झाला. जगनने तो जोड बदलला, गॅस भरला. दोन दिवसांनी हवा परत गरम.

आता भोक पुढच्या जाळीत निघालं, रेडिएटरच्या पुढे असते तिच्यात. जगनने ती काढून उन्हात धरली तर पलीकडचा हायवे दिसत होता.

"खाडीची हवा, दादा. बोटीचा पत्रा खाते, ही तर नाजूक जाळी. कोळीवाड्यात गाडी उभी करायची आणि एसी पाहिजे म्हणायचं, दोन्ही कसं जमायचं?"

"मग गाडी काय मी घोडबंदरला उभी करू?"

"मी आपलं सांगितलं."

जाळी कुर्ल्याच्या भंगारातून आली. ती दुसऱ्याच कुठल्या गाडीची होती, म्हणून ती बसवायला पट्ट्या वेल्ड केल्या. पट्ट्या बसल्या तर हॉर्न बसेना. हॉर्न सरकवला तर बॉनेट बसेना. ते सगळं झाल्यावर कॉम्प्रेसर फिरेना. दामाजी रोज कचेरी सुटली की रिक्षाने माजिवड्याला जात आणि रोज गाडीतून आणखी काहीतरी बाहेर काढून ठेवलेलं त्यांना दिसे. एके दिवशी गाडीपेक्षा गाडीबाहेरचं सामान जास्त झालं.

"जगन, हे सगळं परत आत जाणार ना?"

"बरंचसं जाईल," जगन म्हणाला.

इकडे विहीणबाईंना तारखा देणं चालूच होतं. पहिल्या रविवारी दामाजींनी कचेरीत तपासणी काढली. दुसऱ्या रविवारी गाडी सर्व्हिसिंगला पाठवली, आणि हे तर खरंच होतं. तिसऱ्यांदा चंद्रभागाबाईंचाच शेजाऱ्यांकडे फोन आला.

"गाडीचं जमत नसेल तर राहू दे हो, भाऊ. उगाच धावपळ. इथला कार्यालयवाला घाई करतोय. या रविवारी त्याला होय की नाही ते सांगायचंय."

"रविवारी सकाळी मी दारात येतो," दामाजी म्हणाले. "एसी गाडी घेऊन."

"एसीचं काही नाही हो."

"नाही, एसीच."

फोन ठेवल्यावर शेजाऱ्यांच्या घरातले सगळे त्यांच्याकडे बघत होते. शीला आता कॉलेजात शिकवायची. सुट्टीतही रोज पेपर तपासायला जाताना ती लांबून बाबांचा चेहरा वाचायची आणि गाडीची तब्येत समजून घ्यायची. फक्त एकदा म्हणाली, "बाबा, हॉलमध्ये केलं तरी मी लग्न करीन हो. मला चालेल."

"मला नाही चालणार," दामाजी म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी जगनने शेवटचं काम काढलं. तो लटकता खोका उघडला. आतल्या पंख्याच्या पात्यांत काहीतरी अडकून खरखर आवाज येत होता. जगनने बोट घालून चिमूटभर जवळा बाहेर काढला, दुसरा माणूस धुळीचा बोळा टाकेल तसा बाजूला टाकला आणि पंखा फिरवून बघितला.

"आता आवाज नाय."

"कचरा होता?"

"कचरा कसला, जवळा. वैनींचा असंल."

दोघांनाही यात बोलण्यासारखं काही वाटलं नाही. जवळा कुठेही असतो. खिशात असतो, अंथरुणात असतो, शीलाच्या कॉलेजच्या पर्समध्येही एकदा निघाला होता.

मग जगनने पाइपांतली सगळी हवा ओढून काढली, सावकाश गॅस भरला, घड्याळासारख्या दोन काट्यांकडे बराच वेळ बघितलं, साबण लावला आणि बुडबुडा आला नाही. दोघे आत बसले. काचा वर केल्या. घोडबंदर रोडने लांबवर जाऊन परत माजिवड्याला आले, तरी हवा गारच. जगनचे दात वाजले.

"बर्फाच्या कारखान्यात बसल्यासारखं वाटतं," दामाजी म्हणाले.

"आणि एक गंमत सांगू दादा? हा जुन्या पद्धतीचा एसी. बाहेरची हवा घेतच नाय. गाडीत आहे तीच ओढतो, गार करतो, परत सोडतो. परत ओढतो, परत सोडतो. काचा वर असल्या तर बाहेरचा वास आत यायची बातच नाय."

दामाजींनी डोळे मिटून ती हवा छातीत भरून घेतली. गार होती. स्वच्छ होती. अगदी घरच्यासारखी होती.

"फक्त पारसिकच्या चढाला इंजिन तापंल," जगन म्हणाला. "तेवढ्यापुरता एसी बंद ठेव."

रविवारी सकाळी दामाजी इस्त्रीचा शर्ट घालून डोंबिवलीला पोचले. मागच्या सीटवर त्यांनी नवी फुलाफुलांची चादर घातली होती. निकम जोडपं खाली उभंच होतं. चंद्रभागाबाई रेशमी साडीत, आणि त्यांचे यजमान दगडूराव, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, ज्यांना घरात बोलायची संधी कमी मिळत असल्यामुळे जे मिळेल तेव्हा मुद्द्याचं बोलत.

"बसा, विहीणबाई. काच मी वर करतो. आता बाहेरचं काही लागणार नाही."

दार लागलं. चारही काचा वर गेल्या. दामाजींनी बटण फिरवलं. खोका गुरगुरला आणि हवा सुटली.

"गार आहे हो," दगडूराव म्हणाले.

"आत्ता तर सुरुवात आहे," दामाजी म्हणाले.

शीळफाट्याच्या अलीकडेच आरशात त्यांना दिसलं की बाईंनी पदर नाकाला लावला आहे. थंडी वाजत असेल, असं वाटून त्यांनी हवा एक घर कमी केली. बाईंनी पदर काढला नाही. दामाजींनी गल्लीतल्या गटारांचं काम महापालिकेने कसं केलं, ते सांगायला घेतलं. बाई हुंकार देत होत्या, पण तो हुंकार श्वास न घेता दिल्यासारखा येत होता.

"काच जरा खाली करता का, भाऊ?"

"धूळ येईल, विहीणबाई. रस्ता खोदलाय."

"धूळ चालेल."

"उन्हाची झळ लागेल."

"ती पण चालेल."

"आणि एसीची हवा बाहेर जाईल."

"जाऊ दे ना," चंद्रभागाबाई म्हणाल्या. एवढ्या कळवळून त्या साखरपुड्यातही बोलल्या नव्हत्या.

दामाजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि हवा पूर्ण वाढवली. त्यांना वाटलं, बाईंना बाहेरचा वास नुसत्या भीतीनेच येतो आहे. माणसाचं मन विचित्र असतं. अजून गार केलं की निवळेल. मुंब्र्याच्या गर्दीत गाडी उभी राहिली. खोका मन लावून तीच हवा ओढत होता आणि सोडत होता. पारसिकच्या चढाला इंजिनाचा काटा वर गेला, तरी त्यांनी एसी बंद केला नाही. आता इंजिन गेलं तरी चालेल, पण हवा चालू राहिली पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

इंजिन नाही गेलं. आधी चंद्रभागाबाई गेल्या. रेतीबंदराजवळ "थांबवा" असं त्या इतक्या हळू म्हणाल्या की दामाजींनी घाबरून गाडी कडेला घेतली. बाई दार उघडून खाली उतरल्या, खाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिल्या. ओहोटी होती. चिखल उघडा पडला होता, रेतीच्या होड्या उलथ्या पडल्या होत्या आणि पाण्यावरून मेमधला खारट, भपकेदार वारा येत होता. बाई तो वारा डोळे मिटून घेत होत्या.

दामाजी स्टीअरिंग धरून बसले. दगडूराव मागून पुढे वाकले.

"दामाजीराव, एक विचारू? गाडीत कधी सुकट वगैरे ठेवली होती का?"

"कधीतरी," दामाजी म्हणाले.

"हं," दगडूराव म्हणाले. "मला तसं फार वाटलं नाही. पण ती म्हणते, बरणीत कोंडल्यासारखं झालं."

उरलेला रस्ता चारही काचा खाली करून, एसी बंद करून झाला. कळव्याचा पूल आला, कोळीवाड्याची गल्ली आली, वलांडीवरचे बोंबील आले. दामाजींनी मान खाली घातली. आरशात बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं. पण पदराची हालचाल झाली नाही. बाई खिडकीच्या बाहेर निम्म्या डोकावून बसल्या होत्या, आणि आता कुठला वास कुठून येतो हे वेगळं काढायची ताकद त्यांच्यात उरलेली नसावी.

अंगणात खुर्ची टाकली होती. सगुणाने नऊवारी नेसली होती, अंबाड्यात अबोली माळली होती. तिने पुढे होऊन बाईंचा हात धरला, बसवलं, कोकमाचं सरबत दिलं. खाडीवरून वारा आला. चंद्रभागाबाईंनी तो अंगावर घेतला, सरबत पुन्हा मागून घेतलं, मांडव कुठून कुठपर्यंत येईल ते विचारलं. शीला वाकून पाया पडली. घरातून तळणीचा वास येत होता, तोही त्यांनी निमूट सोसला.

"मोकळं आहे हो तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं तेवढं काही नाही. त्या गाडीतून उतरल्यावर तर बरंच वाटतंय."

"मग लग्नाचं?" सगुणाने विचारलं.

"इथं करू. कार्यालयवाल्याला नाही सांगते मी," चंद्रभागाबाई म्हणाल्या. मग दामाजींकडे बघून, शक्य तेवढ्या नरमाईने म्हणाल्या, "फक्त एक आहे, भाऊ. वऱ्हाडासाठी गाडी पाठवू नका. आम्ही बस करू. आणि नवरानवरीला पण त्या गाडीत बसवू नका."

संध्याकाळी निकमांना दामाजींनी रिक्षात बसवून दिलं. तसा आग्रह निकमांचाच होता.

मग ते परत आले आणि गाडीत जाऊन बसले. सगुणा बाहेर आली. निकमांनी काय ठरवलं ते ऐकायला जगनही आला होता.

"बस आत," दामाजी म्हणाले. "दोघंही बसा. काचा वर करा."

त्यांनी एसी लावला. हवा सुटली. तिघांनी नाकं फुलवली आणि एकाग्रपणे श्वास घेतला.

"काय येतं?" दामाजींनी विचारलं.

"गार येतं," जगन म्हणाला. "एक नंबर काम झालंय, दादा."

"वास विचारतोय मी."

सगुणाने पुन्हा एकदा, यावेळी डोळे मिटून, हुंगलं. मग मान हलवली. "मना तर काय वास येत नाय."

दामाजींनीही हुंगलं. सीट हुंगली, चादर हुंगली, खोक्याच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगलं. लग्न दारात होणार होतं, हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि ते नेमकं कशामुळे मिळालं, तेवढं त्यांना कुणी दाखवून द्यायला तयार नव्हतं. ते परत वाकले.

"नीट घ्या," ते चिडून म्हणाले. "काहीतरी असणारच."